फॅसिझम ओळखायचा कसा आणि आपल्यासारख्यांनी नेमकं करायचं काय: सोलापूरकरांसाठी जरा सविस्तर

फॅसिझम हा शब्द आजकाल एवढा स्वस्त झालाय की कॉलेजने हजेरी सक्तीची केली तरी पोरं प्रिन्सिपलला फॅसिस्ट म्हणून मोकळी होतात, आणि दुसरीकडे काही लोकांना वाटतं की तो हिटलरबरोबर १९४५ ला मेला, आता फक्त इतिहासाच्या पेपरला पाच मार्कांपुरता उरलाय. ह्या दोघांच्या मधे कुठेतरी खरी गोष्ट आहे. आमच्या इथं अभ्यासिकेत एमपीएससीची पोरं बसतात, चहाला बाहेर आली की विषय निघतोच, "सर ते सगळं ठीक हाय, पण आपण करायचं काय बे, आपल्या हातात काय हाय?" असं एकाने विचारलं होतं, त्याला उभ्याउभ्या देता आलं नाही ते उत्तर इथं लिहितोय. लांबलंय, भाकरी खाऊन निवांत वाचा.

कुठल्या आजच्या पक्षाचं नाव मी घेणार नाही. घाबरून नाही, तर नाव घेतलं की निम्मे वाचणारे खूश होतात, निम्मे चिडतात आणि दोघंही पुढं वाचायचं सोडतात. कसोटी देतो, लावायची तुम्ही, आणि लावायची तर आधी आपल्या आवडत्या पक्षाला लावा, दुसऱ्याच्या पक्षाला काय कोणीही लावतो.

पहिली पायरी: हुकूमशाही आणि फॅसिझम वेगवेगळे धरा

लष्कराने रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं, पुढाऱ्यांना आत टाकलं, लोकांना सांगितलं घरात बसा, ही साधी हुकूमशाही. तिला लोक गप्प हवे असतात. फॅसिझमला लोक गप्प नको असतात, त्याला ते रस्त्यावर, घोषणा देत, पेटलेले हवे असतात. आपल्याकडची आणीबाणी, २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७, वाईटच होती, पेपरवर सेन्सॉर, हजारो लोक चौकशीशिवाय तुरुंगात, पण रस्त्यावर गल्लीगल्लीत सरकारच्या बाजूने शेजाऱ्याला शोधून मारणारी टोळी तिच्याकडे नव्हती, म्हणून मी तिला हुकूमशाही म्हणेन, फॅसिझम म्हणणार नाही. काही लोक भांडतील ह्यावर, भांडू देत.

तर फॅसिझममध्ये चार गोष्टी एकत्र लागतात. आपण एकेकाळी फार मोठे होतो, आपला अपमान झाला, आता परत मोठं व्हायचं, अशी एक रडकी-चिडकी गोष्ट. त्या अपमानाला जबाबदार म्हणून घरातलाच एक शत्रू, बाहेरचा नाही, शेजारचा. मारहाण करणारी टोळी, जिला पोलीस हात लावत नाहीत. आणि चौथं म्हणजे एक नेता जो स्वतः म्हणजेच देश, त्याला प्रश्न विचारला की देशद्रोह. ह्यातली एखादी गोष्ट जगातल्या जवळपास प्रत्येक पक्षात सापडेल, त्यावरून लगेच शिक्का मारू नका. चारही एकमेकांत गुंतायला लागल्या की मात्र कान टवकारा.

चौथ्या गोष्टीबद्दल बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत इशारा देऊन ठेवलाय. धर्मात भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, पण राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे जाणारा पक्का रस्ता, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता. भाषण नेटवर मिळतं, पूर्ण वाचा, दोन ओळी स्टेटसला ठेवून भागत नाही.

दुसरी पायरी: तो आला कसा ते बघा, आणि इटलीपासून सुरुवात करा

जर्मनीचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, पण पद्धत बसली ती इटलीत. मुसोलिनी आधी समाजवादी पेपरचा संपादक होता, पहिल्या महायुद्धाच्या वेळी फुटला, २३ मार्च १९१९ ला मिलानमध्ये त्याने स्वतःची संघटना काढली आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत तिथंच सपाटून आपटला. लोकांनी विचारलंच नाही त्याला. मग हा वर आला कसा? उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या दांडग्या युनियन होत्या, त्यांची सहकारी दुकानं होती, कामगारांची भवनं होती, कित्येक नगरपालिका त्यांच्या हातात होत्या, कोणत्या मजुराला कोणत्या शेतात कधी काम हेही युनियन ठरवायची. जमीनदारांना हे सहन होईना. १९२० च्या शेवटापासून मुसोलिनीची काळे शर्ट घातलेली पोरं ट्रकमधून यायला लागली, युनियनचं ऑफिस जाळायचं, सहकारी दुकान फोडायचं, पुढाऱ्याला धरून एरंडेल तेल पाजायचं आणि गावात फिरवायचं. पैसा जमीनदारांचा, आणि पोलीस बहुतेक ठिकाणी नुसते बघत उभे.

इथं जरा थांबा, कारण माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. त्यांनी आधी संसद नाही जाळली. आधी जाळलं ते कामगाराचं ऑफिस, जिथं माणूस संध्याकाळी बसायचा, पेपर वाचायचा, अडचण सांगायचा. ते गेलं की माणूस एकटा, आणि एकट्या माणसाला वाकवायला वेळ लागत नाही. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज पडू नये, जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू ह्यांच्या भोंग्यावर हे शहर उठायचं, ज्यांच्या घरात आजोबांची युनियनची पावती होती किंवा आजी विडी कामगार होती त्यांना विचारा की मोर्चाला जायचं म्हणजे काय आणि एकट्याने मालकापुढं उभं राहायचं म्हणजे काय.

पुढचं पटपट सांगतो. ऑक्टोबर १९२२ मधे काळे शर्टवाले रोमवर चालून निघाले, पंतप्रधानाने मार्शल लॉचा कागद तयार केला, राजाने सही करायला नकार दिला, आणि मुसोलिनी रात्रीच्या रेल्वेने मिलानहून आरामात येऊन पंतप्रधान झाला. तेव्हा ५३५ पैकी त्याचे खासदार होते ३५. वरच्या शहाण्या लोकांना वाटलं हा आपल्या मुठीत राहील. १९२३ ला कायदा केला, २५ टक्के मतं मिळवून पहिला येणाऱ्याला दोन तृतीयांश जागा. मत्तेओत्ती नावाच्या समाजवादी खासदाराने ३० मे १९२४ ला संसदेत निवडणुकीतल्या गुंडगिरीवर भाषण केलं, १० जूनला त्याला पळवून मारलं. विरोधी खासदार निषेध म्हणून सभागृहातून उठून गेले ते परतलेच नाहीत, राजा काहीतरी करेल म्हणून वाट बघत बसले, आणि १९२६ संपेपर्यंत बाकी सगळे पक्ष बंद. म्हणजे रुसून बाहेर बसणं हाही एक प्रकारचा पराभवच झाला.

जर्मनीत हेच फास्ट झालं. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सलर झाला तेव्हा मंत्रिमंडळात नाझी फक्त तिघं, आणि आधीच्या नोव्हेंबरात पक्षाची मतं ३३ टक्क्यांवर घसरलेली. २७ फेब्रुवारीला संसदेला आग, दुसऱ्या दिवशी नागरिकांचे हक्क गोठवले, २३ मार्चला सगळे अधिकार सरकारला देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी पास, कम्युनिस्ट खासदारांना तर तिथं येऊच दिलं नाही. १ मे ला कामगार दिनाची पगारी सुट्टी देऊन मोठा जल्लोष केला आणि २ मे ला सगळ्या युनियनची ऑफिसं ताब्यात घेतली. एका दिवसाचं अंतर! आणि हे सगळं होताना कम्युनिस्ट आणि समाजवादी काय करत होते, तर कित्येक वर्षं एकमेकांनाच मोठा शत्रू म्हणत होते, कम्युनिस्ट तर समाजवाद्यांनाच सोशल फॅसिस्ट म्हणायचे. आपल्याकडच्या सात गटांच्या सात बैठका बघितल्या की मला हे आठवतं, असो.

तिसरी पायरी: एकटे राहू नका, एखाद्या कंटाळवाण्या संस्थेत जा

लोक विचारतात फॅसिझमविरुद्ध काय करू, मी विचारतो तुमच्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला गेला होता का? हसतात. पण मी सिरियस आहे. सोसायटी, पतसंस्था, मोफत वाचनालय, शिक्षक संघटना, रिक्षा युनियन, यंत्रमाग कामगारांची संघटना, गणपती मंडळ, लेझीमचा संघ, शाळेची पालक समिती, ह्यातली एक निवडा, एकच, आणि तिथं खरंच जा. सहकारी संस्थांची सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्याची नोटीस येते, ती वाचा, हिशोब मागा, आवाज न चढवता प्रश्न विचारा, मिनिट्समध्ये तुमचा मुद्दा लिहून घ्यायला लावा. हे बोअर आहे मान्य. पण जो माणूस चेअरमनला "साहेब ह्या खर्चाची पावती?" म्हणू शकत नाही तो उद्या मंत्र्याला काय विचारणार.

संस्था निवडताना एक बघा, तिच्यात वेगवेगळी माणसं आहेत का. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा एका बसस्टॉपवर ऐकू येतात, पण आपापले अड्डे मात्र पेठेपेठेत वेगळे. पद्मशाली पोराचा बागवान मित्र आणि लिंगायत पोराचा मोची मित्र असतो तो क्रिकेटमुळे किंवा कारखान्यामुळे, सभेमुळे नाही. म्हणून मिसळलेली जागा दिसली की ती जपा, बंद पडत असेल तर वर्गणी काढून चालू ठेवा.

चौथी पायरी: मोहल्ल्याची तयारी, अफवा यायच्या आधी

ह्यासाठी भिवंडी बघा, कारण तेही यंत्रमागाचं गाव, आपल्यासारखंच मिश्र, आपले तेलुगू लोकही तिथं भरपूर. १९७० आणि १९८४ ला तिथं भयंकर दंगली झाल्या होत्या. १९८८ पासून तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. पुढारी लोकांची शांतता समिती, जी फक्त दंगल झाल्यावर हार घालून फोटो काढते, ती नाही. गल्लीतले साधे लोक, दोन्ही धर्मांचे, नियमित भेटणार, आणि बोलणार कशावर तर नळ, गटार, नवरा-बायकोची भांडणं, छोट्या चोऱ्या. दंगलीवर नाहीच. पण त्यातून ओळख झाली, फोन करायची सवय लागली, बीटचा हवालदार नावाने माहीत झाला. डिसेंबर १९९२ - जानेवारी १९९३ ला शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली.

तर तुमच्या गल्लीत हे करायला पोलिसांची वाट कशाला बघायची. दहा-बारा घरं, त्यातली निदान तीन-चार दुसऱ्या धर्माची किंवा जातीची, बायकांचे नंबर आवर्जून घ्या कारण गल्लीत काय चाललंय ते बायकांना आधी कळतं. निमित्त काहीही चालेल, पाणी रोज येत नाही हे आपल्याकडे कायमचं निमित्त आहे. एकच गोष्ट ठरवून ठेवा: काहीतरी झालं असा मेसेज आला की ज्या भागातलं आहे तिथल्या ओळखीच्या माणसाला आधी फोन, मग बाकी. आणि गडबड झालीच तर शाळेतून पोरं कोण आणणार, म्हाताऱ्यांचं औषध कोण आणणार, कोणाच्या घरात कोणाला ठेवायचं, हे आधीच बोललेलं असावं. गड्ड्याची जत्रा, गणपती विसर्जन, मोहरम, ईद, आंबेडकर जयंती ह्या दिवसांच्या आधी एक फोनचा राउंड मारा.

आणि "त्यांच्याकडून काही विकत घेऊ नका" असा मेसेज आला तर? जर्मनीत १ एप्रिल १९३३ ला ज्यू दुकानांवर बहिष्काराचा दिवस पाळला, दुकानांपुढं नाझींच्या तपकिरी गणवेशातली पोरं उभी केली. त्या दिवशी काही जर्मन लोक मुद्दाम त्याच दुकानांत जाऊन सामान घेऊन आले. आपल्याला एवढं जमतं. रोजच्या भाजीवाल्याकडून भाजी घेत राहा, रोजच्याच वेळेला, गाजावाजा न करता.

पाचवी पायरी: व्हॉट्सअॅप

ह्यात जास्त फिलॉसॉफी नाही. फोटो आला की गूगल लेन्सवर टाका, निम्मे फोटो दुसऱ्या देशातले किंवा दहा वर्षं जुने निघतात. व्हिडिओ असेल तर स्क्रीनशॉट काढून तेच करा, दुकानाच्या पाट्यांची भाषा आणि गाडीची नंबरप्लेट बघा. ग्रुपवर चारचौघांत काकांना खोटं पाडू नका, काका अजून घट्ट होतात, त्यांना वेगळा मेसेज करा, "काका हे तपासलं, हे बांगलादेशातलं निघालं, तुम्हाला कोणी पाठवलं?" एवढंच. अॅडमिन असाल तर नियम आधीच पिन करून ठेवा. सदस्याच्या पोस्टसाठी अॅडमिनला, त्याचा त्यात हात नसेल तर, आपोआप गुन्हेगार धरता येत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ ला म्हटलंय, पण म्हणून काहीही चालू द्या असा त्याचा अर्थ नाही.

शिव्या देऊ नका. "अंधभक्त", "चमचा", "गुलाम" म्हटल्यावर आजपर्यंत कोणाचं मत बदललेलं मी बघितलेलं नाही.

सहावी पायरी: नोकरीतला नकार

हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं. कुठलंही सरकार शेवटी क्लार्क, शिक्षक, ड्रायव्हर, ऑपरेटर, हवालदार ह्यांच्या हातांनीच चालतं. इटलीत १९३१ ला प्रोफेसरांना फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली, १२०० च्या आसपास प्रोफेसर, नकार देणारे जेमतेम डझनभर. एवढे विद्वान, आणि प्रत्येकाला वाटलं मी एकट्याने नाही म्हणून काय होणार.

आता नॉर्वे बघा. जर्मनीने देश घेतला होता, क्विसलिंग नावाचा त्यांचा माणूस गादीवर. फेब्रुवारी १९४२ ला त्याने हुकूम काढला की सगळ्या शिक्षकांनी नव्या सरकारी संघटनेत यायचं आणि पोरांना नाझी पद्धतीने घडवायचं. शिक्षकांनी काय केलं, तर एकच छोटा मजकूर ठरवला, आम्ही ह्या संघटनेत येऊ शकत नाही, आणि प्रत्येकाने तो स्वतःच्या नावाने सही करून पाठवला. हजारोंनी पाठवला, देशातल्या बहुसंख्य शिक्षकांनी. सरकारने शाळाच बंद केल्या, तर पालकांच्या निषेधाच्या पत्रांचा ढीग लागला. हजारभर शिक्षकांना अटक, त्यातल्या शेकडो लोकांना पार उत्तर टोकाला बर्फात हमालीला पाठवलं. घरच्यांना गुपचूप पैसे पोचवले जात होते. शेवटी सरकारने माघार घेतली, शिक्षक सन्मानाने परत आले.

ह्यातून उचलायचं ते असं: मजकूर छोटा आणि सगळ्यांचा एकच, सही मात्र प्रत्येकाची स्वतःची, आणि आत गेलेल्याच्या घरची चूल पेटती ठेवायची जबाबदारी आधी ठरलेली. ह्यातलं तिसरं नसेल तर पहिली दोन टिकत नाहीत. तुमच्या ऑफिसात चार जणांत हे बोलणं आजच होऊ शकतं, वेळ यायच्या आधी. सगळ्यांनी हुतात्मा व्हायची गरज नाही, "साहेब, हे लेखी द्या" एवढं वाक्यसुद्धा पुष्कळ चुकीचे हुकूम जागेवर थांबवतं.

मराठीतलं उदाहरण हवं असेल तर दुर्गा भागवत. डिसेंबर १९७५, आणीबाणी चालू, कराडचं साहित्य संमेलन, बाई अध्यक्षा. मंत्रीसंत्री हजर असताना त्यांनी आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सांगितली. पुढं तुरुंगात गेल्या. हातात फक्त एक माईक होता.

आणि आपलंच गाव. मे १९३० ला इथं इंग्रजांनी मार्शल लॉ लावला, नंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. ती साम्राज्यशाही होती, फॅसिझम नव्हे, पण चार आडनावं परत एकदा वाचा आणि मग कोणी तुम्हाला "आतला शत्रू" शिकवायला आला तर त्याला चार हुतात्मा पुतळ्यापाशी घेऊन जा. फॅसिझमच्या काळातलं सोलापूर बघायचं तर डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत. १९३८ ला जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनमध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून गेले, जखमींची ऑपरेशनं करत राहिले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वय ३२. त्यांनी बंदूक नाही उचलली, आपलं येतं ते काम जिथं लागत होतं तिथं जाऊन केलं.

सातवी पायरी: कायद्याचे बारके मुद्दे, मोबाईलमध्ये सेव्ह करा

अटक केली तर कारण सांगावं लागतं, नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढं न्यावं लागतं, वकिलाला भेटायचा हक्क आहे. नातेवाइकाला कळवायचा नियम फौजदारी कायद्यात, बाकीचं संविधानाच्या कलम २२ मधे आहे, कोणाची मेहरबानी नाही. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी, अपवाद सोडून, अटक करता येत नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, हेल्पलाइन १५१००. पोलीस तक्रार घेत नसतील तर तीच लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना, पोस्टाची पावती जपून ठेवा. झुंडीने मारहाणीच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१८ ला प्रत्येक जिल्ह्यात एक वरिष्ठ नोडल, म्हणजे त्या कामाला जबाबदार, अधिकारी नेमायला सांगितलंय. आपल्याकडे तो कोण, हा प्रश्न माहिती अधिकारात विचारा: साधा अर्ज, १० रुपये, ३० दिवस. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. हा अर्ज पोरांनी प्रॅक्टिस म्हणून टाकावा असं मी सांगतो, परीक्षेलाही उपयोग होतो.

दगड उचलू नका. नैतिक कारण सोडा, व्यवहाराचं बघा, टोळीला तेच हवं असतं, तुमच्या एका दगडाचा व्हिडिओ त्यांच्या शंभर काठ्यांना सर्टिफिकेट देतो. १९२० च्या मार्चमध्ये बर्लिनमध्ये लष्करातल्या लोकांनी सत्ता बळकावली तेव्हा कामगारांनी संप केला, लाइट बंद, पाणी बंद, रेल्वे बंद, चार-पाच दिवसांत बंडवाले पळाले. तेव्हा युनियन शाबूत होत्या. तेरा वर्षांनी त्याच कामगारांचे सहा लाख नाही, साठ लाख लोक बेकार होते आणि संपाची धमकी कोणाला देणार अशी गत झाली.

आठवी पायरी: मतदार यादी

मत देणं सगळे सांगतात, यादी कोणी बघत नाही. निवडणूक जाहीर व्हायच्या आधी घरातल्यांची, मग गल्लीतल्या म्हाताऱ्यांची, भाड्याने राहणाऱ्यांची, लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं तपासा. नवीन नावाला फॉर्म ६, पत्ता किंवा दुरुस्तीला ८, आणि फॉर्म ७ वर विशेष लक्ष, कारण तो नाव काढण्यासाठी असतो. हेल्पलाइन १९५०. आवडत्या उमेदवाराचे पोलिंग एजंट व्हा, दिवस संपताना केंद्रप्रमुखाकडून फॉर्म १७सी (17C) ची प्रत घ्यायचा एजंटला हक्क आहे, त्यात त्या केंद्रावर किती मतं पडली ते लिहिलेलं असतं, मोजणीच्या दिवशी तो आकडा जुळवून बघायचा. दुपारी डबा येईपर्यंत जागा सोडू नका, आणि सही घ्यायच्या आधी आकडा नीट वाचता येतोय का बघा, कार्बन कॉपीत तीन आणि आठ सारखेच दिसतात.